कर्मचाऱ्यांचा टेक्नोस्ट्रेस मोजायचा कसा, आणि मोजल्यावर काय करायचं?

रेघोटी

मंडळी, धागा लांबलाय, पण विषय मनाला लागलेला आहे म्हणून सविस्तर लिहितेय.

आमच्या संस्थेत हजेरी, रजा, खरेदी, तक्रारी, अंतर्गत निरोप असं करत करत सगळं वेगवेगळ्या ॲपवर गेलं. कर्मचाऱ्यांच्या आरोग्याचं काम आमचा छोटा गट पाहतो. त्या गटाला आता वरून निरोप आलाय: तंत्रज्ञानामुळे लोकांवर किती ताण येतो ते मोजा आणि एक आकडा द्या. मोजायला माझी ना नाही, हे व्हायलाच हवं होतं. अडलंय ते त्या 'एक आकडा'पाशी. इथे संख्याशास्त्रातले, हेल्पडेस्कवरचे, रुग्णालयातले, बँकेतले लोक आहेत, म्हणून विचारतेय.

आधी माझं वाचन मांडते. 'टेक्नोस्ट्रेस' हा शब्द रूढ झाला तो क्रेग ब्रॉड या मानसशास्त्रज्ञाच्या १९८४ च्या पुस्तकामुळे. नव्या संगणकी तंत्रज्ञानाशी निरोगी रीतीने जुळवून घेता न आल्याने होणारा विकार, अशी त्याची मांडणी होती. या मांडणीत सगळा भार माणसावर पडतो. जुळवून घेणं त्याला जमलं नाही, म्हणजे दोष त्याचा. पुढच्या संशोधकांनी नजर माणसावरून कामाकडे वळवली, आणि मला तेच बरोबर वाटतं.

तराफदार, रागुनाथन आणि त्यांचे सहकारी यांनी २००७ आणि २००८ साली जे लेख लिहिले, त्यांतली मापनपट्टी आजही सर्वाधिक वापरली जाते. २००८ चा लेख वेगवेगळ्या संस्थांमधल्या ६०८ कर्मचाऱ्यांच्या उत्तरांवर उभा आहे. ताण निर्माण करणारे पाच घटक त्यांनी वेगळे काढले. पहिला अतिभार, म्हणजे तंत्रज्ञानामुळे जास्त काम, जास्त वेगाने करावं लागणं. दुसरा अतिक्रमण, म्हणजे कामाची वेळ संपली तरी काम खिशात असणं. तिसरा क्लिष्टता: प्रणाली इतकी अवघड की शिकायलाच वेळ जातो आणि आपण कमी पडतो असं वाटू लागतं. चौथा असुरक्षितता: माझं काम यंत्र करेल किंवा माझ्यापेक्षा जास्त येणारा कोणी घेऊन जाईल ही धास्ती. पाचवा अनिश्चितता: एक आवृत्ती अंगवळणी पडते न पडते तोच दुसरी.

त्याच लेखात ताण कमी करणाऱ्या तीन गोष्टीही मोजल्या आहेत. नीट शिकवणं आणि ज्ञान आपसात वाटून घेणं, वेळेवर तांत्रिक मदत मिळणं, आणि नवी प्रणाली आणताना ती वापरणाऱ्यांना त्यात सामील करणं. बहुतेक सर्वेक्षणांत हा दुसरा भाग गाळला जातो याचं मला फार वाईट वाटतं. पहिल्या भागातून दुखणं कळतं, पण संस्थेच्या हातात काय आहे ते या दुसऱ्या भागातूनच कळतं.

मी काही विधानं लिहून पाहिली आहेत. 'अजिबात सहमत नाही' ते 'पूर्ण सहमत' अशी १ ते ५ ची पट्टी आहे. नमुन्यादाखल चार देते:

निरोपांना उत्तरं देण्यात माझं मुख्य काम मागे पडतं.
कामाची वेळ संपल्यावरही कामाचे निरोप पाहणं अपेक्षित असतं.
नवी प्रणाली शिकायला कामाच्या वेळेत वेळ मिळत नाही.
ॲप सतत बदलत असल्यामुळे मला वैताग येतो आणि झोप लागत नाही.

हे बरोबर चाललंय का? पाचही घटकांची बेरीज करून एक आकडा द्यावा का? आणि तुमच्या कामातला कुठला ताण या पाचांत बसतच नाही? हवं तसं झोडपा, आवडेल.

मध्यमान

चांगला धागा, ताई. बेरजेच्या प्रश्नाचं उत्तर थेट देतो: करू नका.

दोन विभाग घ्या. पहिल्यात अतिक्रमण ४.५ आणि क्लिष्टता १.५. दुसऱ्यात नेमकं उलट. दोघांची सरासरी ३, आणि अहवालात दोन्हीकडे 'मध्यम ताण' असं छापलं जाईल. पहिल्या विभागाला रात्रीचे निरोप थांबवायला हवेत, दुसऱ्याला प्रशिक्षण आणि सोपा स्क्रीन हवा. पहिल्याला प्रशिक्षण दिलंत तर त्यांच्या डोक्यावर आणखी एक काम चढेल. एका आकड्यात नेमकी हीच माहिती मरते. वरिष्ठांना एक पान हवं असेल तर त्या एका पानावर पाच पट्ट्या द्या.

दुसरं सरासरीबद्दल. विभागाची सरासरी २.५ आली म्हणजे सगळे ठीक आहेत असं होत नाही. त्यात बरेच जण १ वर आणि थोडे ५ वर असू शकतात, आणि ते थोडे बहुधा एकाच प्रकारचं काम करत असतात. म्हणून ४ किंवा त्याहून वर किती जण आहेत, तेही सांगा.

तिसरं, क्रॉनबाख अल्फा. एका घटकाची विधानं एकमेकांशी किती जुळतात ते हा आकडा सांगतो. ०.७० च्या वर आला की चालतं, असा संकेत आहे. पण एकच विधान चार वेगळ्या शब्दांत विचारलं तरी अल्फा मस्त वर जातो. पट्टी सुसंगत आहे एवढंच त्यातून कळतं, ती योग्य गोष्ट मोजते का ते कळत नाही. त्यासाठी माणसांशी बोलावं लागतं. पाचसहा जणांना प्रश्नावली मोठ्याने वाचायला सांगा आणि प्रत्येक विधानावर त्यांच्या मनात काय आलं ते विचारा. हे अल्फाच्या आधी करायचं काम आहे.

वॉर्डातली

चौथं विधान तोडा. 'वैताग येतो आणि झोप लागत नाही' या दोन गोष्टी आहेत. मला वैताग येतो, पण ड्युटी संपली की मी मेल्यासारखी झोपते. मी कुठे खूण करू? शिवाय त्यात कारणही तुम्हीच सांगून टाकलंय. झोप न लागण्याला रात्रपाळीही कारण असते.

'सहमत / असहमत' पेक्षा 'गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा' असं विचारलंत तर मला उत्तर देणं सोपं जाईल. 'सहमत' म्हणताना माणूस एकंदर मत देतो, आणि ते मत कालच्या एका वाईट दिवसाने रंगलेलं असतं.

आमच्या कामातला खरा ताण सांगते. औषध दिल्याची नोंद स्क्रीनवर करताना रुग्णाकडे पाठ करावी लागते. रुग्ण काही विचारत असतो, माझं लक्ष चौकटी भरण्यात. पूर्वी नोंद एकदा व्हायची, आता एकदा कागदावर आणि एकदा स्क्रीनवर, कारण स्क्रीनवर कुणाचा पूर्ण विश्वास नाही. हे अतिभारात बसेलही, पण त्यातली बोच वेगळी आहे. ज्या कामासाठी मी या पेशात आले, त्याच कामापासून यंत्र मला थोडं थोडं बाजूला नेतंय असं वाटतं. हे विचारणारं विधान मी अजून कुठल्या सर्वेक्षणात पाहिलेलं नाही.

खतावणी

मी काउंटरवर बसतो. माझं उत्तर एका शब्दात: हँग.

समोर रांग, ग्राहकाने स्लिप दिलेली, आणि स्क्रीनवर गोल फिरतोय. लोकांना वाटतं मीच हळू आहे. मला प्रणाली येते, ती क्लिष्ट नाही, बदलतही नाही, घरीही येत नाही. तुमच्या पाचही घटकांत माझे गुण कमी येतील आणि अहवालात मी 'ताणमुक्त' दिसेन. अहवाल असा लागला तर माझ्यासारख्या प्रत्येकावर तो अन्याय आहे.

प्रयोगवही

खतावणी, तुमचा मुद्दा अगदी रास्त आहे आणि संशोधनातही तो आलेला आहे. प्रणाली कोलमडण्याचा ताण शरीरात दिसतो का हे रेने रीडल आणि सहकाऱ्यांनी २०१२ च्या एका प्रयोगात पाहिलं. लोक संगणकावर काम करत असताना मध्येच बिघाड घडवून आणला आणि लाळेतलं कॉर्टिसॉल हे तणावाचं संप्रेरक मोजलं. ते वाढलं. काउंटरवर तुम्हाला जे होतं त्याचा हा रासायनिक पुरावा समजा.

फिशर, रॉयटर आणि रीडल यांनी २०२१ मध्ये डिजिटल ताणाची नवी मापनपट्टी मांडली. तिच्यात दहा घटक आहेत आणि प्रणालीचा बेभरवसा हा त्यांतला एक. सुरक्षिततेच्या सक्ती, अपुरी तांत्रिक मदत, उपयोगच नसलेली साधनं असेही घटक तिच्यात आहेत. विधानं पन्नास असल्यामुळे ती सगळीच्या सगळी कामाच्या गडबडीत भरून घेणं जड जाईल. पण रेघोटीताई, तुमच्या पाचांत 'बेभरवसा' हा सहावा घटक घाला असं मी आग्रहाने म्हणेन.

वॉर्डातली, औषधनोंदीच्या एका ठरावीक स्क्रीनबद्दल मोजायचं असेल तर वेगळं साधन वापरा: नासा टीएलएक्स, १९८८ पासून वापरात असलेलं. काम झाल्याबरोबर सहा गोष्टी विचारायच्या: बौद्धिक भार, शारीरिक भार, वेळेची घाई, काम किती नीट झालं, किती कष्ट पडले, किती चिडचिड झाली. विमानाच्या कॉकपिटपासून शस्त्रक्रियागृहापर्यंत ते वापरलं गेलंय. 'तंत्रज्ञानाचा ताण' असं मोघम विचारण्यापेक्षा 'हा स्क्रीन' असं विचारलं की सुधारणा करणाऱ्याला नेमकं काय बदलायचं ते कळतं. पेशापासून दूर नेलं जाण्याचं जे तुम्ही लिहिलंत त्यासाठी मात्र तुमच्याच शब्दांत एक विधान लिहा. तयार पट्टीत ते शोधत बसू नका.

निवांत

वेगळं मत मांडतो, राग नसावा. मी मोठ्या चमूचा व्यवस्थापक आहे. प्रत्येक नव्या प्रणालीला सुरुवातीला विरोध होतो, सहा महिन्यांनी तीच प्रणाली बंद पडली तर लोक ओरडतात. यातला बराचसा 'ताण' म्हणजे शिकायचा कंटाळा, विशेषतः वयाने मोठ्या लोकांचा. तो मोजून आपण त्याला मान्यता तर देत नाही ना?

मध्यमान

निवांत, प्रश्न योग्य आहे आणि त्यावर आकडे उपलब्ध आहेत. रेघोटीताईंनी सांगितलेल्या २००८ च्या अभ्यासात वय वाढलं तसा टेक्नोस्ट्रेस कमी झालेला दिसला. शिक्षण आणि संगणकाबद्दलचा आत्मविश्वास वाढला तसाही तो कमी झाला. पुरुषांमध्ये तो स्त्रियांपेक्षा जास्त आढळला. म्हणजे 'म्हातारे कुरकुरतात' हा समज तिथे टिकला नाही. अनुभवी माणसाला कामाचा जम बसलेला असतो, कुठला निरोप उद्यावर ढकलायचा हे त्याला कळतं, नाही म्हणायचा अधिकारही थोडा जास्त असतो. हा माझा अंदाज आहे, अभ्यासाचं विधान नव्हे.

दुसरा अभ्यास अय्यागरी, ग्रोव्हर आणि पर्विस यांचा, २०११ चा. ६६१ नोकरदार. त्यांत सर्वांत प्रबळ ठरलेले दोन ताण होते कामाचा अतिभार आणि भूमिकेची संदिग्धता, म्हणजे आधी काय करायचं आणि माझ्याकडून नक्की काय अपेक्षित आहे हेच न समजणं. आणि हे ताण निर्माण करण्यात पुढे होती ती तंत्रज्ञानाची घुसखोरी: माणूस सतत गाठता येणं, तो काय करतोय ते दिसत राहणं.

भूमिकेची संदिग्धता नुसत्या सॉफ्टवेअरमधून येत नाही. तीन वरिष्ठ तीन वेगळ्या ॲपवरून तीन वेगळी कामं 'तातडीची' म्हणून पाठवतात तेव्हा ती येते. ती मोजली की चेंडू तुमच्या-माझ्यासारख्या व्यवस्थापकांकडे येतो.

शिफ्टवाला

हेल्पडेस्कवरून बोलतोय. लोकांना विचारायच्या आधी आमच्याकडे काय पडलंय ते बघा की! कुठली प्रणाली किती वेळ बंद होती, कुठल्या स्क्रीनवर सगळ्यांत जास्त तिकिटं (म्हणजे आमच्याकडे नोंदलेल्या तक्रारी) येतात, एकाच प्रश्नाचं तिकीट पुन्हा पुन्हा किती वेळा उघडलं, पासवर्ड रीसेटचे किती फोन, नवी आवृत्ती आल्यावर पहिल्या आठवड्यात तिकिटं किती फुगली. सगळं नोंदलेलं असतं, कुणीही विचारायला येत नाही. खतावणी म्हणतात तो हँग मला मिनिटांत दाखवता येईल.

आणखी पुढे जायचं तर कोण रात्री किती वाजता लॉगिन करतो, दिवसात किती वेळा ॲप बदलतो, हेही लॉगमध्ये आहे. घड्याळातून हृदयाचे ठोकेही मिळतात. मग प्रश्नावलीची गरजच काय?

वॉर्डातली

थांबा थांबा. माझा प्रत्येक क्लिक मोजला जातोय हे कळलं की तोच ताण पहिला. माझ्या हृदयाचे ठोके माझ्या मालकाकडे जाणार असतील तर मी ते घड्याळ काढून ठेवीन. तुमचा हेतू कितीही चांगला असो, रात्री लॉगिन करणाऱ्यांची यादी एकदा तयार झाली की उद्या ती 'वेळेत काम न उरकणाऱ्यांची' यादी म्हणून वापरली जाईल. ताण मोजायच्या नावाखाली पाळत नको.

प्रयोगवही

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, पण रेषा आखावी लागेल. मी ती अशी आखते: यंत्राबद्दलची नोंद वापरा, माणसाबद्दलची नको. सर्व्हर किती वेळ बंद होता, कुठल्या स्क्रीनवर तिकिटं जास्त, कामाची वेळ संपल्यावर संपूर्ण विभागात मिळून किती निरोप गेले, हे घ्या. कुणी पाठवले, कुणी वाचले, कुणी किती वाजता उघडले, हे घेऊ नका. गोळासुद्धा करू नका, कारण गोळा केलेली गोष्ट पुढे वापरली जातेच.

हृदयाचे ठोके संशोधनात उपयोगी पडतात, संमतीने आणि थोड्या काळासाठी. ग्लोरिया मार्क आणि सहकाऱ्यांच्या २०१२ च्या अभ्यासात १३ जणांची ईमेल पाच कामाचे दिवस बंद ठेवली होती. ते लोक कमी वेळा खिडक्या बदलू लागले, एका कामावर जास्त वेळ टिकू लागले, आणि हृदयगतीच्या नोंदींत ताण कमी दिसला. तिथे तेरा माणसं होती आणि त्यांना सगळं माहीत होतं. संस्थेने हजारो लोकांवर कायमचं तेच करणं ही वेगळी गोष्ट आहे.

आणि शिफ्टवाला, प्रश्नावलीची गरज आहेच. दोन माणसांना रात्री सारखेच निरोप येतात. एकाने स्वतः ठरवून दुपार मोकळी घेतलेली असते, दुसऱ्याला नाही म्हणता येत नाही. लॉगमध्ये दोघं सारखेच दिसतात. ताण निरोपांच्या संख्येत कमी आणि त्यांवर आपला किती ताबा आहे यात जास्त असतो, आणि ताबा आहे की नाही हे त्या माणसालाच विचारावं लागतं.

फळाखडू

शिक्षिका आहे, म्हणून थोडी वेगळी बाजू. तंत्रज्ञानाचा चांगला ताणही असतो. नवं साधन हाती आलं की काही दिवस धडपड होते, पण त्यातून हुरूपही येतो. तराफदार, कूपर आणि स्टिच यांचा २०१९ चा लेख याचीच मांडणी करतो: वाईट ताण, चांगला ताण आणि रचना, तिन्हींचा एकत्र विचार करा. तुमच्या प्रश्नावलीत 'या साधनामुळे माझा वेळ वाचतो', 'हे शिकताना मला आनंद झाला' अशीही विधानं असू द्या. नाहीतर उत्तरं देणाऱ्याला वाटतं की तक्रारच अपेक्षित आहे, आणि तो तक्रारीच्या बाजूला झुकतो.

एक विनंती. प्रश्नावलीसाठी आणखी एक ॲप, आणखी एक पासवर्ड करू नका. आमच्याकडे उपस्थिती, गुण, पालकांचे निरोप, प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं, प्रत्येकाला वेगळं लॉगिन आहे.

वॉर्डातली

फळाखडू, +१. आणि उत्तरं कोण देत नाही तेही बघा. ज्याच्यावर सगळ्यांत जास्त भार आहे त्याला तुमची लिंक उघडायला वेळ नसतो. आमच्याकडे एक संगणक चौघींत. कामाच्या वेळेत वेळ काढून द्या, कागदावर भरायची सोय ठेवा. जे आधीच कंटाळून नोकरी सोडून गेले त्यांची उत्तरं तर कधीच येत नाहीत. उरलेल्यांची सरासरी चांगली दिसते ती त्यामुळेही.

नाव विचारलं नाही म्हणजे माणूस ओळखू येत नाही असं नाही. विभाग, वय, स्त्री की पुरुष आणि नोकरीची वर्षं एकत्र केली की आमच्या वॉर्डात मी एकटीच उरते.

मध्यमान

हो, हे फार महत्त्वाचं. दहापेक्षा कमी उत्तरं आली असतील त्या गटाचा आकडा छापायचाच नाही असा नियम आधीच ठरवा आणि प्रश्नावलीच्या पहिल्या ओळीत सांगा. एकेक विभाग वगळून वजाबाकीने छोट्या गटाचा आकडा काढता येतो, तेवढीही वाट ठेवू नका. वय वगैरे खरंच लागणार नसेल तर विचारू नका.

प्रयोगवही

मघापासून एक गोष्ट राहिली, आणि माझ्या मते सगळ्यांत मोठी गफलत इथेच होते. कारण आणि परिणाम वेगवेगळे मोजा. वरचे पाच-सहा घटक ही कारणं. परिणामांसाठी वेगळी साधनं आहेत: कोहेन यांची १९८३ ची जाणवलेल्या ताणाची पट्टी, जी गेल्या महिन्याबद्दल विचारते, थकव्यासाठी कोपनहेगनची २००५ ची पट्टी, नोकरीबद्दल समाधान, रजा. स्पेनमधल्या सालानोव्हा आणि सहकाऱ्यांची पट्टी टेक्नोस्ट्रेसच्या अनुभवावरच भर देते: चिंता, थकवा, तंत्रज्ञानाबद्दलचा अविश्वास, आपल्याला जमत नाही ही भावना. कामाच्या मांडणीबद्दल निर्णय घ्यायचा असेल तर कारणांची पट्टी आधी, माणसांना मदत पोहोचवायची असेल तर परिणामांची. दोन्हींची खिचडी केलीत तर ना हे कळतं ना ते.

दोन्ही एकाच दिवशी, एकाच कागदावर विचारली की त्यांतलं नातं फुगून दिसतं. वैतागलेला माणूस त्या दिवशी सगळ्याच विधानांवर वरची खूण करतो. शक्य असेल तर मध्ये दोन-तीन आठवडे जाऊ द्या. कारणांच्या बाजूला शिफ्टवाला यांच्या नोंदी ठेवल्या तर आणखी चांगलं, कारण त्या मूडवर अवलंबून नसतात. विधानं लोकांची आणि नोंदी यंत्राच्या, दोन्हींनी एकाच जागी बोट ठेवलं तर वाद घालायला फारसं उरत नाही.

आणि या पट्ट्या म्हणजे निदान नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउटसुद्धा (कामाच्या ताणाने पार थकून जाणं) कामाशी निगडित स्थिती म्हणून नोंदवला आहे, आजार म्हणून नाही. कुणाचे गुण जास्त आले म्हणून त्याला 'रुग्ण' ठरवू नका. पण प्रश्नावलीच्या शेवटी मदत कुठे मिळेल ते जरूर लिहा. मनातलं विचारून मग माणसाला तसंच सोडून देणं मला क्रूर वाटतं.

निवांत

सगळे प्रतिसाद नीट वाचले. भूमिकेच्या संदिग्धतेचा मुद्दा पटला, माझ्या चमूत तीन ठिकाणांहून कामं येतात हे खरं आहे. पण माझ्या खुर्चीतून एक अडचण सांगतो. असे अहवाल येतात, त्यांत '३.४' लिहिलेलं असतं आणि त्याचं काय करायचं ते मला कळत नाही. 'अमुक स्क्रीन बदला', 'रात्री आठनंतर निरोप नकोत', 'नवी आवृत्ती महिनाअखेरीला आणू नका' असं कुणी आणलं तर मी त्याच आठवड्यात सही करू शकतो. मला गुण देऊ नका, निर्णयाचा मसुदा द्या.

रेघोटी

निवांत, तुमचा हा प्रतिसाद मी आमच्या बैठकीत जसाच्या तसा वाचून दाखवणार आहे.

सगळ्यांचे मनापासून आभार. आता आराखडा असा करतेय. बेरीज नाही, सहा घटक वेगवेगळे: पाच जुने आणि बेभरवसा. भूमिकेच्या संदिग्धतेची दोन विधानं. प्रशिक्षण, मदत आणि सहभाग यांचे प्रश्न प्रत्येक घटकाच्या शेजारी, म्हणजे दुखणं आणि संस्थेच्या हातातलं औषध एकाच पानावर दिसेल. विधानं 'गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा' या घाटाची. वॉर्डातलीचं विधान असं लिहिलंय: 'नोंदी करण्यापायी, ज्यांच्यासाठी मी काम करते / करतो त्यांच्याकडे लक्ष देता आलं नाही.' चौथं विधान काढलंय. त्याजागी 'पूर्वसूचनेशिवाय बदललेल्या प्रणालीमुळे केलेलं काम पुन्हा करावं लागलं.' झोपेचा प्रश्न परिणामांच्या कागदावर, तीन आठवड्यांनी.

असुरक्षिततेच्या विधानांबद्दल एक जोडायचंय. २००८ मधली विधानं लिहिली गेली तेव्हा चित्र वेगळं होतं. आता लोकांना त्यांचंच काम एआयला शिकवायला सांगितलं जातं. म्हणून 'माझ्या कामात एआय कुठे आणणार आहेत हे मला स्पष्ट सांगितलं गेलं आहे' असं एक सरळ विधान ठेवतेय. धास्ती मोजण्याइतकंच, सांगितलं गेलंय की नाही हे मोजणंही मला गरजेचं वाटतं.

आणि सर्वांत आधीचं काम: प्रश्नावली वाटण्यापूर्वी वरिष्ठांकडून लेखी घ्यायचं आहे की कुठल्या घटकात जास्त गुण आले तर कोण, किती दिवसांत, काय बदलू शकेल. ज्या घटकाबद्दल कुणीच काही बदलायला तयार नाही तो यावेळी विचारायचा नाही. कामाच्या ठिकाणच्या मानसिक-सामाजिक जोखमींवर आयएसओ ४५००३ हे मार्गदर्शक मानक २०२१ साली आलंय, तेही जोखीम मुळाशी कमी करा असंच सांगतं. बैठकीत त्याचा आधार घेईन. कार्यालयीन वेळेबाहेर संपर्क तोडण्याच्या हक्काचं उदाहरणही देईन. फ्रान्समध्ये तो कायदा १ जानेवारी २०१७ पासून लागू आहे.

एक शंका अजून आहे. सुधारणा केल्यावर पुन्हा कधी मोजायचं? आणि गुण कमी झाले तर ते सुधारणेमुळेच, हे कसं कळणार?

मध्यमान

सुधारणेच्या आधी एकदा मोजाच, नाहीतर तुलना कशाशी करणार? मग सगळीकडे एकदम बदल करू नका. रात्रीचे निरोप थांबवायचे असतील तर आधी काही विभागांत थांबवा, बाकीच्यांत दोन महिन्यांनी. कुठल्या विभागाचा नंबर आधी ते चिठ्ठ्या टाकून ठरवा. फक्त सर्वांत वाईट विभाग निवडलात तर त्याचे गुण पुढच्या वेळी आपोआपही थोडे खाली येतात, आणि श्रेय चुकीच्या गोष्टीला जातं.

बदल छोटा असला तरी फरक दिसू शकतो. कुशलेव्ह आणि डन यांच्या २०१५ च्या प्रयोगात १२४ जणांनी एक आठवडा ईमेल दिवसातून तीनदाच पाहिली आणि एक आठवडा हवी तितक्या वेळा. तीनदा पाहण्याच्या आठवड्यात रोजचा ताण कमी नोंदला गेला. तीच माणसं दोन्ही बाजूंना होती, म्हणून तुलना स्वच्छ होती.

पुन्हा मोजायचं ते बदलानंतर सहा ते आठ आठवड्यांनी. पहिल्या आठवड्यात नव्याची नवलाई असते. महिनाअखेर, वार्षिक हिशेब, परीक्षा असे दिवस दोन्ही वेळी टाळा किंवा दोन्ही वेळी घ्या. पहिल्या वेळचा निकाल मात्र दुसऱ्या मोजणीपर्यंत दाबून ठेवू नका, पंधरा दिवसांत लोकांसमोर ठेवा, 'हे बदलतोय, हे बदलता येत नाही आणि का' या दोन रकान्यांसह. दुसऱ्या खेपेला किती जण उत्तर देतात ते त्यावरच ठरतं.

शिफ्टवाला

ताई, प्रणाली बंद राहिल्याच्या मिनिटांचा आणि तिकिटांचा तक्ता कसा काढायचा ते लिहून ठेवलंय. माणसांची नावं आणि कर्मचारी क्रमांक काढून टाकायची पायरी सगळ्यांत आधी घातली आहे. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. तुमच्या हेल्पडेस्कवाल्यांना तो तसाच चालवता येईल.